कोरा पुठ्ठा

मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "दुसऱ्या नंबरचा वॉल्व्ह कुरकुरतोय." उघडून बघावं तर नेमका तोच निघायचा. चाळीस वर्षं हा माणूस त्या कानावर जगला. गर्व मात्र कधी नाही. "देणारा तो, मी नुसता ऐकणारा," एवढंच म्हणायचे.

अशा माणसाला मास्तरीणबाईंच्या गाडीनं पार चक्रावून सोडलं.

बाई निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन वर्ष झालेलं. गाडी त्यांचीच, पंचवीस वर्षांची, पण अंगणातल्या तुळशीसारखी जपलेली. "मिस्त्री, ही तेल पिते. पंधरा दिवसांत तेल मोजायची डिपस्टिक कोरडी. जमिनीवर मात्र डाग नाही."

"जमीन कशी सांगेल बाई? आपण तिला बोलती करू," मिस्त्री म्हणाले आणि गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरला.

बाई रोज गाडी फिरवून आणत आणि पुठ्ठ्यावर उभी करत. आठ दिवस झाले. पुठ्ठा कोरा. नव्या वहीच्या पानासारखा. तेल मात्र डिपस्टिकवर बोटभर खाली गेलेलं.

जळत असेल म्हणावं तर सायलेन्सरमागे धरलेलं पांढरं फडकं पांढरंच राहिलं. प्लग काढले, सगळे कोरडे. रेडिएटरचं पाणी स्वच्छ, त्यात तेलाचा तवंगही नाही. मग पेचकस कानाला लावला. इंजिन शहाण्या मुलासारखं एका सुरात बोलत होतं. गळत नाही, जळत नाही, पाण्यात जात नाही. मग जातं कुठं?

"एक सांगू? हसाल तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या. "सकाळी दार उघडलं की आत यांचा वास येतो. सुट्टीच्या दिवशी इंजिनात हात घालून आले की यायचा ना, तोच. यांना जाऊन वर्ष झालं हो."

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आत डोकं घातलं. वास होता. बंद काचांच्या आत, रिकाम्या सीटवर कुणी नुकतंच बसून गेल्यासारखा. स्टिअरिंगखाली, गुडघ्यापाशी तेलाच्या दाबाचं एक जादा मीटर लावलेलं होतं, किंचित तिरकं.

"हे कुणा अडाण्यानं बसवलंय?" मिस्त्री पुटपुटले.

बाईंनी त्यांच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

त्या संध्याकाळी जेवताना मिस्त्रींचा घास हातातच राहिला. बायको म्हणाली, "अहो, एका गाडीसाठी एवढं काय?"

"एका गाडीचं नाही गं." ते थांबले. "मागच्या महिन्यात एका चाकाचे नट आवळायचे राहिले होते. मलाच दिसले, देवाची कृपा. बाबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी स्वतःचा पाना हातात घेऊन विचारायचे, हे कुणाचं?"

बायकोनं पोळी वाढता वाढता हात आखडला. तिच्याही ते लक्षात आलं होतं. बोलली नव्हती एवढंच.

"ही गाडी सापडली तर मी ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. "नाही सापडली तर गॅरेजला कुलूप."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बाईंच्या अंगणात गेले. ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. या वेळी खाली वाकायचं नाही असं ठरवून ते चालकाच्या सीटवर बसले. इंजिन सुरू करून, हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. गेलेला माणूस इथं असाच बसत असेल, असं मनात आलं.

पाय सहज पुढे रोवला. पायाखालचा गालिचा पचकन दबला. पाय उचलला, तर तिथं काळपट ओलं पाऊल उमटलेलं, आणि बघता बघता ते पुसट होत नाहीसं झालं. जसं कुणी आतून पुसलं.

मिस्त्रींच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि गालिच्याची कड उचकटली. खाली बोटभर जाड लोकरीचं अस्तर. पिळलं तर धार लागली. वात जशी तेल ओढून घेते तसं ते अस्तर कित्येक दिवस मुकाट तेल पीत बसलं होतं. म्हणून पुठ्ठा कोरा! आणि वासही त्याचाच.

वर हात घातला. त्या तिरक्या मीटरच्या मागे तार नव्हतीच. बारीक नळी होती, इंजिनातलं खरंखुरं तेल मीटरपर्यंत आणणारी. टोकाच्या नटाशी तिला केसाएवढी चीर गेली होती. इंजिन चाललं की तिथून थेंब, थेंब, थेंब.

"सापडलं बाई!" मिस्त्री ओरडले आणि नटावर बॅटरीचा उजेड टाकला.

मग आणखी जवळ वाकून पाहिलं.

नटावर एक लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. स्वतः आवळलेल्या प्रत्येक नटावर मिस्त्री बायकोच्या बाटलीतलं नेलपॉलिश लावत. साऱ्या गावात ही खूण दुसऱ्या कुणाची नव्हती.

"हे... मी बसवलंय?"

"तीन वर्षं झाली," बाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "यांनी बॅटरी धरली होती. तिरकं बसलं म्हणून तुम्ही दोघं पोट धरधरून हसलात. काल अडाणी म्हणालात, मला वाटलं गंमत करताय."

मिस्त्रींनी डोळे मिटले. आत कान लावला. ते हसू, तो दिवस, बॅटरी धरणारा हात. काही नाही. कोरा पुठ्ठा.

उन्हानं तापलेलं बॉनेट टकटक वाजत होतं. मिस्त्री म्हणाले, "बाई, गाडी सापडली. पण मी ठीक नाही."

बाईंनी धीराचे शब्द शोधले नाहीत. शाळेत चाळीस वर्षं घालवलेली बाई ती. पदर खोचून शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. "नळी बदला. मी बघते. मोठ्यानं बोलत करा."

मिस्त्रींनी नवी नळी आणली. "खालचा नट. आवळला."

"पुन्हा बघा."

"घट्ट आहे."

"वरचा?"

"वरचा... आवळला. घट्ट."

इंजिन सुरू केलं. वरचा नट कोरडा, खालचाही कोरडा. मिस्त्रींनी सवयीनं खिशातली बाटली काढली, झाकण उघडलं, लाल ब्रश नटापर्यंत नेला आणि थांबले. मग बाटली बाईंच्या हातात दिली.

"उद्यापासून गॅरेजात बायकोला शेजारी बसवणार आहे. ती बघेल, मगच लावेन," ते म्हणाले. "आज तुम्ही बघितलंत. ठिपका तुम्ही लावा."