वाटी मी ढकलली

प्लँचेटवर आत्मा येत नाही, हे मी ठामपणे सांगतो. कशावरून, ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. उदबत्तीचा वास आला की कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवते. खिडकीत राखेचा थर, पाटावर खडूनं लिहिलेलं 'हो' आणि 'नाही', मध्ये पालथी वाटी आणि तिच्यावर विधवा वहिनीचं नि माझं बोट. वहिनीला एका मास्तरांची मागणी आली होती. "मी दुसरं लग्न केलं तं चालते का तुमाले?" तिनं माझ्या वारलेल्या भावाला विचारलं. ती गेली तर अंथरुणाला खिळलेल्या आईचं कोण करणार, या धास्तीनं मी वाटी 'नाही'वर नेली. "ढकलून तं नाई राहिले ना, भाऊजी?" "मी काहून ढकलू वं, वहिनी!" तिनं मास्तरांना नकार कळवला आणि आईचं शेवटपर्यंत केलं. वहिनी अजून आमच्याच घरी आहे. तिला खरं सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.