गंध न लागलेलं घर

विषय मीच निवडला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची सोय नव्हती. जळगावच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. दुःख आल्यावर देव मानणारी माणसं काय करतात आणि न मानणारी काय करतात, हे त्यांच्या घरी जाऊन विचारायचं ठरवलं होतं. मानणारे कुठल्याही दारात मिळत होते, न मानणारे मात्र मिळेनात. धुळ्यातले एक वकील कोर्टासमोरच्या टपरीवर मोठ्या आवाजात आपण नास्तिक असल्याचं सांगतात असं कळलं, म्हणून त्यांची वेळ मागितली. "गुरुवार सोडून कधीही या," ते म्हणाले. "गुरुवारी उपास असतो, डोकं चालत नाही."

म्हणून असोद्याच्या भाऊंचं घर कुणीतरी सुचवलं तेव्हा मी उन्हाचा विचार न करता स्कूटर काढली. भाऊ वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गावाच्या कडेला केळीच्या बागांना लागून त्यांचं घर. सव्वीस वर्षांचा एकुलता मुलगा गेल्या भाद्रपदात चार दिवसांच्या तापाने गेला. भाऊंनी डोळे दान केले, अग्नी दिला, आणि स्मशानातच सगळ्यांना सांगितलं, "इथून पुढे कुणी काही करायचं नाही." दशक्रिया नाही, तेरावं नाही, मुंडण नाही. हा खरा न मानणारा माणूस होता. मी कूलरसमोर बसले आणि विचारायला सुरुवात केली.

"तुम्हाला कशानं बळ मिळालं?"

"विवेकानं," भाऊ लगेच म्हणाले. हा प्रश्न त्यांनी स्वतःला आधीच विचारलेला असावा. "ताप का आला ते मला माहीत आहे. डास चावला म्हणून. त्यात कुणाचा कोप नाही अन् कुणाचं पाप नाही. त्यानं मला झोप लागते."

"आणि लोक?"

भाऊ हसले. "लोकांनी वाळीत टाकलं. तोंडानं कुणी बोलत नाही, पण बघा तुम्ही. लग्नसराई सुरू आहे, या दारात एक पत्रिका आली का? संक्रांतीला हिला गल्लीतल्या एका बाईनं वाणाला बोलावलं का? दिवाळीला पलीकडच्या घरून फराळाचं ताट यायचं, पंधरा वर्षं येत होतं. नाही आलं. सुतक पाळलं नाही ना आम्ही. शिक्षा देऊन राह्यले."

हे सांगताना त्यांची पाठ ताठ झाली होती. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. दुःखात कण्हणारी माणसं ऐकून ऐकून मी थकले होते आणि हा माणूस भांडायला उभा होता.

त्यांची बायको चहा ठेवून आत गेली. तिला सगळे अक्का म्हणत. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली, आणि मी स्कूटर वळवेपर्यंत थांबली.

"तुम्ही दोंडाईच्याला जाणार म्हणत होत्या?"

"पुढच्या आठवड्यात."

"तिथं माझी धाकटी बहीण असते. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणे. मला भाजीवालीकडून कळलं." तिनं पदर खोचला, पुन्हा काढला. "ती पोरगी माझ्याकडे राहून बारावी झाली. माझ्या मुलाच्या ताटात जेवायची, त्याच्याशी भांडायची. तिच्या लग्नात मला बोलावतात की नाही एवढंच बघा. विचारू नका हं. नुसतं बघा."

न विचारता कसं बघायचं ते मला समजलं नाही, पण मी हो म्हटलं.

मधे धुळ्यात एक काम होतं. लाकडी दरवाजे आणि कपाटं बनवणारे एक मुसलमान मिस्त्री, त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. रंधा चालवता चालवताच ते बोलले.

"तीन दिवस घरात चूल नव्हती, मॅडम. मोहल्ल्यातून डबा यायचा. चौथ्या दिवशी दुपार झाली, डबा नाही. मला असा राग आला! म्हटलं, इतक्यात विसरले? शिव्या देत बसलो. मग भूक लागली. उठलो, भात टाकला. तो करपला. माझी पोरगी वास घेऊन आली आणि हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा."

"मग शेजाऱ्यांवरचा राग?"

"कशाचा राग? तीन दिवसच असतात ना. ते ठरलेलं आहे. ठरलेलं नसतं तर मी अजून बसलो असतो डब्याची वाट बघत." त्यांनी रंध्यावरचा भुसा फुंकला. "आणि ते पण अजून आणत बसले असते. थांबायचं कधी, कुणी सांगायचं?"

हे मी मानणाऱ्यांच्या रकान्यात लिहिलं आणि दोंडाईच्याची बस पकडली.

बहिणीच्या अंगणात खाटांवर जुनी लुगडी पसरून बायका बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालत होत्या. लग्नघर लपत नाही. मी माझ्या कामाचं सांगितलं, असोद्याला जाऊन आले म्हटलं, आणि बहिणीचा हात पिठातच थांबला. तिनं मला घरात नेलं, पाणी दिलं, आणि मी न विचारता बोलायला लागली. तिची बोली अहिराणी.

"अक्का कशी शे? जेवस का?"

"जेवतात. भाजीवालीकडून त्यांना लग्नाचं कळलंय."

बहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. मग कपाट उघडून तिनं एक साडी दाखवली, हिरवी, जरीच्या काठाची. "तिनी साडी बी लई ठेयेल शे. पत्रिका बी छापेल शे. पन कशी देऊ, ताई? त्या घरले अजून गंध लागना नही."

आमच्याकडे गंधमुक्ती असते. दहावं झालं की सोयरे जमतात, दुखवट्यातल्या माणसांच्या कपाळाला गंध लावतात, पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी देतात. त्या दिवसापासून ते घर पुन्हा सणात आणि लग्नकार्यात येतं. तोवर हळदकुंकू लावलेली पत्रिका तिथे नेत नाहीत, गोडधोडाचं ताट नेत नाहीत. माझ्या स्वतःच्या घरी हे झालेलं आहे. तरी भाऊंच्या कूलरसमोर बसून ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"पोऱ्या गया," बहीण म्हणाली, "आनि मी सांगू का तिले, मनी पोरनं लगीन शे, मिरवाले ये? तिले काय वाटी?"

"त्यांना वाटतंय तुम्ही वाळीत टाकलं."

"आम्ही?" तिचा आवाज चढला तशी बाहेरची एक बाई दारातून डोकावली. "भाऊनी मसनम्हा सांगं, कोनी काही कराना नही. आम्ही वाट देखी राह्यनूत, त्या कव्हय सांगतीन! देव नही मानतस, नका मानोत. पन सोयरा तरी मानतस का नही?"

मग ती रडली, आणि रडून झाल्यावर मला बिबड्या बांधून दिल्या.

म्हणजे असोद्यात आठ महिने असं चाललं होतं. शेजारी, सोयरे, गल्लीतल्या बाया, सगळे त्या घराचं दुःख पाळत होते. पलीकडच्या घरचं फराळाचं ताट मायेनं थांबलं होतं. आणि आत बसून भाऊ तीच माया शिक्षा म्हणून मोजत होते. सुरुवात सगळ्यांना दिसली होती, शेवट कुणी ठरवलाच नव्हता.

संशोधन करणाऱ्यानं लोकांच्या घरात ढवळाढवळ करू नये असा नियम आहे. मी तो दरवर्षी मुलांना शिकवते. लग्नाला बारा दिवस उरले होते. मी दुसऱ्या दिवशी असोद्याला गेले.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. ते एकदम उठून उभे राहिले.

"म्हणजे आता मी गंध लावून घ्यायचं? मुलगा गेला तेव्हा वाकलो नाही, आता लाडू-करंजीसाठी वाकू?"

"वाका असं मी म्हटलं नाही. त्यांनी तुम्हाला वाळीत टाकलं नाही, एवढंच सांगायला आले."

"त्यांनी टाकलं असतं तर बरं होतं," भाऊ म्हणाले आणि खाली बसले. त्यांची पाठ आता ताठ नव्हती. भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं, आणि मग काय उरलं होतं ते त्या खोलीत भिंतीवर दिसत होतं. मुलाची बॅडमिंटनची रॅकेट अजून खिळ्याला होती.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती या घरात माझ्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"तुम्हाला कोण लावतंय गंध?"

"काय?"

"मला लावायचंय. तुम्ही नका लावू. मी तुमच्या विवेकाला कधी आडवी आले? त्याचं दहावं नाही म्हणालात, मी गप्प. तेरावं नाही, गप्प. आखाजीला त्याच्या नावानं घागर भरायची होती मला, तीही नाही भरली. पण त्या पोरीला मी वेणी घालून कॉलेजला पाठवलंय. तिला हळद लागताना मी इथं कूलरची हवा खात बसणार नाही."

"मग जा ना. मी अडवलं का?"

"बोलावल्याशिवाय? माझ्या बहिणीच्या दारात?" अक्कानं त्यांचा फोन टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगितलं होतं, कुणी काही करायचं नाही. तुम्हीच सांगा, आता करा म्हणून."

भाऊंनी फोन इतका वेळ धरून ठेवला की त्याची स्क्रीन विझली. मी पर्स उचलली, तेव्हा अक्कानं मला डोळ्यांनीच 'बसा' म्हटलं. शेवटी त्यांनी बहिणीचा नंबर लावला. घाईत स्पीकर चालू झाला तो बंद करणं त्यांना जमलं नाही.

"हॅलो. मी बोलतोय. असोद्याहून."

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली. "हा, भाऊ."

"रविवारी जेवायला या. सगळे या." भाऊंनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "दुखवटा... आमचा झाला. तसं समजा."

"आनि गंध?"

भाऊंनी अक्काकडे पाहिलं. अक्का दाराची चौकट बघत होती.

"तुमच्या बहिणीला लावा," ते म्हणाले. "मला चहा चालेल."

"चहा तर तुम्हीच आम्हले पाजाना शे, भाऊ. पावना आम्ही शेत," बहीण म्हणाली. अक्का तोंडाला पदर लावून हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. मी पाहिलंही नाही.

रविवारी मीही गेले, कारण अक्कानं सांगितलं होतं, आणि पोळ्यांना हात कमी पडत होते. दोंडाईच्याहून एक जीप भरून माणसं आली. बहिणीनं अक्काला पाटावर बसवलं, कपाळाला गंध लावलं, खांद्यावर साडी घातली. फार वेळ लागला नाही. बायका रडल्या, पण त्यात आता काही अडकलेलं नव्हतं. मग बहिणीचा नवरा गंधाची वाटी आणि टॉवेल-टोपी घेऊन भाऊंसमोर येऊन उभा राहिला. तो मोठा बेरकी माणूस. त्यानं वाटी नुसती पुढे धरली.

भाऊंनी वाटी हातानं बाजूला केली. टोपी उचलून त्याच्याच डोक्यावर ठेवली. टॉवेल उलगडून पाहिला.

"टॉवेल बरा आहे," ते म्हणाले आणि खांद्यावर टाकला.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि बहिणीनं पिशवीतून पत्रिका काढून अक्काच्या हातात दिली. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या तीन बाया येऊन गेल्या. एकीनं कैरीचं लोणचं आणलं, एकीनं नातवाच्या बारशाचं बोलावणं. पलीकडच्या घरच्या काकूंनी तर दिवाळीचं राहिलेलं ताट आत्ता आणलं, लाडू घालून. "आता या दाराला उसंत नाही," भाऊ कुरकुरले. पण लाडू त्यांनी खाल्ला.

माझे दोन रकाने तसेच राहिले. भाऊंचं "विवेकानं" मी खोडलं नाही, ते खरंच होतं. अक्काला कुठे लिहावं ते ठरेना, म्हणून तिच्यासाठी वेगळं पान घेतलं.

लग्नाला मलाही पत्रिका होती. दोंडाईच्याच्या त्या मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा भाऊ बाहेर निंबाखाली जाऊन उभे राहिले, कुणी त्यांना आत ओढलं नाही. अक्का हिरव्या साडीत पोरीच्या मागे उभी होती आणि तिच्या डोक्यावरचा पदर नीट करत होती. अक्षता संपल्या, पंगती बसल्या, मीही बसले. वरण-बट्टीची परात घेऊन भाऊ आले. तोच टॉवेल खांद्यावर. दुसऱ्या हातात तुपाचं भांडं होतं, आणि तूप आवरतं घ्या म्हणणाऱ्या वाढप्याशी ते तावातावानं भांडत होते.

"बट्टी कोरडी वाढायची का?" ते म्हणत होते. "भाचीचं लग्न आहे माझ्या!"

मी पान पुढे सरकवलं.