सोजरबाईच्या कोंबडीचा केसपेपर

माणसांच्या डॉक्टरशी पेशंट खोटं बोलतो. आमचा पेशंट जन्मात कधी खोटं बोलला नाही. बोलायचा तो मालक! म्हणून जनावरांच्या दवाखान्यात औषधं कमी आणि किस्सेच जास्त साठतात. आता सांगतोय ते किल्लारीजवळच्या एका गावातले. लातूर जिल्हा नवाकोरा होता, दुष्काळ तेवढा जुनाच. दवाखान्यात आम्ही दोघंच, मी आणि कंपाउंडर शब्बीरमामा.

* * *

एक दिवस सोजरबाई पदराखाली काहीतरी झाकून आली. पदर काढला तर कोंबडी! डोळे चिकटलेले, नाक वाहतंय, चोच उघडी टाकून घर्रघर्र श्वास चाललाय.

"डॉक्टरसाब, म्हैस छावणीत बांधली. लेक नांदायला गेली. घरात बोलायला ही एकलीच हाय. हिला काय झालं तर मी कुणाशी बोलू?"

बाई रडायलाच लागली. मी औषध काढलं, मामांनी रजिस्टर काढलं. त्यात रकाने चारच: गाय, बैल, म्हैस, शेळी. नवा जिल्हा म्हणे छापील रजिस्टर जुन्या जिल्ह्याकडून मागवा, जुना म्हणे तुम्ही आता आमचे नाहीत. मामांनी शेळीच्या रकान्यात लिहिलं, "एक नग. पाय दोन."

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाकीचे दोन पाय कुठायत?"

मामा शांतपणे म्हणाले, "दुष्काळ हाय ना, साहेब!"

* * *

औषध किती द्यायचं ते वजनावर. आमच्याकडं काटा नव्हता, म्हणून गेलो शिवप्पाअण्णाच्या किराणा दुकानात. अण्णांच्या कपाळाला भस्म, घरात अंडंसुद्धा वर्ज्य.

"शिव शिव! माझ्या काट्यात कोंबडी?"

"अण्णा, खायची नाही, जगवायचीय."

अण्णांनी पारड्यात पेपर अंथरला, डोळे मिटले आणि वजन केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच तिच्यासाठी ओंजळभर कण्या पाठवल्या. वर निरोप दिला, "माझं धान्य खाऊन बरी झाली आणि कुणाच्या ताटात दिसली, तर डॉक्टरला या दुकानातून काडेपेटीसुद्धा मिळणार न्हाई!"

* * *

औषध पाण्यातून द्यायचं होतं. मी समजावलं, "सोजरबाई, आधी दोन तास पाणी देऊ नका. तहान लागली की औषधाचं पाणी गटागटा पिईल."

बाई टँकरच्या रांगेतून घागर रिकामीच घेऊन आली होती. म्हणाली, "दोन तास? मग सगळ्या गावालाच पाजा की तुमचं औषध!"

* * *

मी आणखी एक सांगितलं होतं, धूर नको, धूळ नको, माणसांची वर्दळ नको. मला वाटलं, बाई शेजारच्या गोठ्यात ठेवील. संध्याकाळी बघतो तर कोंबडी ग्रामपंचायतीच्या कचेरीत, थेट ग्रामसेवकाच्या खुर्चीवर!

"अवो, इथं कशाला आणली?"

"तुमीच म्हणलात ना, माणूस येत न्हाई अशी जागा बघा!"

* * *

कोंबडी सुधारायला लागली आणि नेमके लेक-जावई आले. जावई हदगावकडचा, रामदास नावाचा, अंगानं दांडगा आणि बोलायला मोकळा. आमच्या भागात जावयाला कोंबडी कापल्याशिवाय वाटेला लावलं, तर गाव तोंडात शेण घालतं. आणि घरात कोंबडी एकच.

सोजरबाई धावत दवाखान्यात आली. "डॉक्टरसाब, औषध चालू असलं तर खायची न्हाई म्हणता ना? तसं लिवून द्या!"

औषध खरंच चालू होतं. मी केसपेपरवर लिहिलं. रामदासनं तो वाचला आणि म्हणाला, "काही हरकत न्हाई मामी, बरी होईस्तोवर थांबतो." आणि राहिला की! बसून काय करणार, म्हणून औषध पाजायचं काम त्यानंच घेतलं. रोज कचेरी उघडायचा, मांडीवर कोंबडी घेऊन बसायचा. कचेरी उघडी दिसल्यावर लोक त्याच्याकडं दाखले मागायला लागले.

औषध संपलं, त्यानंतर कोंबडी खायची नाही ते दिवसही सरले. कोंबडी ठणठणीत झाली. मी सोजरबाईचा जीव ओळखून होतो, म्हणून केसपेपर तसाच ठेवला.

पण एका सकाळी बाई आपणहून आली. चेहरा उतरलेला.

"लिवा डॉक्टरसाब, बरी झाली म्हणून. जावयाला रोज पिठलं वाढते म्हणून बाया नावं ठेवायल्यात. लेकीला मान खाली घालावी लागते. आज कापते." आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी केसपेपरवर 'खाण्यास हरकत नाही' असं लिहिलं. शब्बीरमामा उठून बाहेर गेले.

ती गेली आणि तासाभरात रामदास आला. बगलेत कोंबडी, कपाळावर घाम. आधी दाराबाहेर डोकावून कुणी ऐकत नाही ना ते बघितलं, मग टेबलावर वाकून हळूच म्हणाला,

"डॉक्टरसाहेब, मामी सुरीला धार लावून राहिली. हिला अजून पंधरा दिवस आजारी ठेवा. मामीला मात्र सांगू नका!"