बिबा फोडलेले हात

पाळी जाऊन वर्ष झालं आणि माझं डोकंही तिच्यामागे निघालं. हातात विळा घेऊन मी विळा शोधायची. शेजारणीचं नाव ऐन बोलताना तोंडातून पळून जायचं. घरचे हसायचे, मीही हसायची. पण एक दिवस दुधाचा गंज चुलीवर जळून कोळसा झाला, खोलीभर धूर झाला, आणि माझी सहा महिन्यांची नात त्याच खोलीत पाळण्यात होती. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

सून तुमसरला नोकरीला. नऊच्या एसटीने जाते, पोर माझ्याजवळ. ती रागावली नाही, तेच मला जास्त लागलं. "आई, आणखी एकदा असं झालं न, तर मी पोरीले माहेरी ठेवीन. मले कामात ध्यानच नाही लागत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात काही बायकांचं होतं असं, तीन महिन्यांनी या. तीन महिने! इथे माझी नात एका चुकीवर टांगलेली.

मोठ्या जावेने मात्र तिथल्या तिथे औषध सांगितलं. "पाळी गेली का बायकाईचं डोस्कं असंच होते वो. गोडंबीचे लाडू खाय. आपल्या सासूचं त्यानंच थाऱ्यावर आलं होतं."

गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. गर गोड, पण टरफलात काळं तेल. ते अंगाला लागलं की दोन दिवसांनी उततं, फोड येतात, कातडी सोलून निघते. आमच्या नाकाडोंगरीकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. फोडण्याआधी हाताला खोबरेल तेल चोपडायचं, फोडून झाल्यावर राखेने चोळून हात धुवायचे, मगच दुसऱ्या कशाला शिवायचं. नवी नवरी होते तेव्हापासून मी बिबे फोडते. मला कोण शिकवणार?

पौषात पहिले लाडू केले. गोडंबी, जवस, तीळ, गूळ. रोज सकाळी एक. आणि खरं सांगते, फरक पडला. निदान मला तसं वाटलं. लेकाचा फोन नंबर न बघता सांगितला, तर सुनेनं टाळी दिली. मी तर गल्लीभर मिरवले, बाप्पा.

फाल्गुनात लाडू संपले. एका दुपारी नात झोपली तशी मी हाताला खोबरेल चोपडून मागच्या अंगणात दगडावर बिबे फोडायला बसले. शेवटचे पाच-सात उरले असतील, आत ती रडायला लागली. मी उठले, राख घेतली, कोपरापर्यंत हात चोळले, धुतले, पदराला पुसले. मग तिला खांद्यावर घेऊन थोपटलं. संध्याकाळी सुनेला आपणहून सांगितलंही, बिबे फोडले पण हात नीट धुतले हो.

तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना सुनेनं मला हाक मारली. पोरीच्या पाठीवर लाल पट्टे उठले होते. एक, दोन, तीन, चार. कडेला बारीक फोड. मी हात न टेकवता वरून धरून पाहिला. चारही बोटं जुळली.

"आई, हात धुतले होते न?"

"पोरीची शपथ, धुतले."

ती मागच्या अंगणात गेली, मी तिच्यामागे. दगडाशी राखेची वाटी होती, त्या दुपारी फोडायला बसण्याआधी मीच भरून ठेवलेली. शिगोशीग. वर एका बोटाचा ठसा नाही. बादली तशीच पालथी.

मला अजून आठवतं ते हात धुणं. दगडावरून काळपट पाणी वाहिलं, गार वारा लागला, मी कुडकुडले. फाल्गुनातल्या दुपारी कोण कुडकुडतं? ते पौषातलं होतं. माझ्या डोक्यानं एका दिवसाचं उचलून दुसऱ्या दिवसात ठेवलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. विसरलेलं कळतं तरी. हे कसं कळणार?

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं, फोड बसतील म्हणाल्या. सुनेनं दुपट्यांची पिशवी भरली. जाताना दारात थांबून वाकून पाया पडली, एक शब्द वाकडा बोलली नाही. तिच्या कडेवरून नातीनं मला पाहिलं, हसली, आणि माझ्याकडे यायला दोन्ही हात पुढे केले.

मी माझे हात पदराखाली घेतले.