लॉट पास होईपर्यंत

आमच्या ह्यांना मी पसंत होते, पण पास नव्हते. पहिल्यांदा बघायला आले ते घरच्यांसोबत, रीतीप्रमाणे. मग एका दुपारी एकटेच आले, न सांगता. मी अंगणात केस वाळवत बसलेली, तोंडात चिंचेचा गोळा. लग्नानंतर कळलं की ही ह्यांच्या खात्याची पद्धत.

विष्णू चिंचोळकर, म्हणजे आमचे हे, खमरियाच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. तिथे दारूगोळ्याच्या प्रत्येक लॉटमधून थोडे नग उचलायचे, रेंजवर, म्हणजे चाचणीच्या मैदानावर, नेऊन उडवायचे, आणि ते नीट उडाले की मगच बाकीच्या मालावर पासचा शिक्का मारायचा. नोकरी तिथे आणि शिस्त रांझीच्या आमच्या घरात. नवा कुकर आणला की पहिल्यांदा नुसतं पाणी उकळायचं. लोणच्याची बरणी ह्यांनी चाखल्याशिवाय पाहुण्यांपुढे जायची नाही. मी किती वेळा चिडले असेन त्याला गणती नाही. पण खरं तेच सांगते, ह्या माणसाच्या हातून कच्चं काही कधी बाहेर गेलं नाही.

त्या रेंजनेच ह्यांचे कान खाल्ले. आधी डावा गेला, रिटायर होता होता उजवा. कानाला मशीन आहे, समोर बसून ओठ दिसले तर भागतं. पण फोन म्हणा की कॉम्प्युटर म्हणा, त्यातून येणारा आवाज म्हणजे ह्यांच्यासाठी नुसती खरखर.

आमचा स्वप्निल पुण्याला असतो. दर रविवारी सकाळी लॅपटॉपवर त्याचा व्हिडिओ कॉल येतो. हे इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसतात आणि जो जे बोलेल त्याला मान डोलावतात. नात मैथिली पाचवीत. ती शाळेतलं काहीबाही सांगायची, हे म्हणायचे, "अरे वा, शाब्बास." मी शेजारी असले की ह्यांच्याकडे तोंड करून सांगायची ती काय बोलली ते. असं चाललं होतं.

जूनमधल्या एका रविवारी मी नेमकी स्वयंपाकघरात होते. कढईत साबुदाणा. तिकडून मैथिलीचा आवाज आला, "आबा, सुपारी मेली." सुपारी म्हणजे तिची मांजर, बोटभर होती तेव्हापासून पाळलेली. आणि ह्यांचं उत्तर ऐकलं, "अरे वा, शाब्बास." वर हसलेसुद्धा.

मी झारा टाकून धावले, तोवर पोरगी उठून गेली होती. सुनेने, रश्मीने, तिला समजावलं, मीही समजावलं. आबांना ऐकू येत नाही हे तिला काय माहीत नव्हतं? पण पुढचे काही रविवार ती आलीच नाही. कधी क्लास, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. ह्यांना मी समोर बसवून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि भरल्या ताटावरून उठले. मला इतकं वाईट वाटलं की रागवायचं सुचलं नाही.

आमच्या वरच्या खोलीत आल्हाद भाड्याने राहतो. नाशिकचा मुलगा, बँकेत आहे, बदली होऊन आलाय. त्याने एक दिवस सांगितलं, "काका, कॉम्प्युटरची नवी सिस्टिम येतेय. समोरचा बोलला की खाली अक्षरं उमटतात. मराठीतसुद्धा."

हे खुर्चीत सरळ झाले. "कधी?"

"पक्की दिवाळीनंतर. आत्ता बीटा मिळते. म्हणजे कच्ची. लोकांनी वापरायची आणि चुका कळवायच्या."

"अच्छा. म्हणजे लॉट पास नाही झाला."

"नाही झाला," आल्हाद म्हणाला. "मध्येच बंद पडू शकते. जुने प्रोग्रॅम चालतीलच असं नाही. आणि परत जुनी सिस्टिम आणायची तर सगळं पुसून आणावी लागते."

जुन्या प्रोग्रॅमचं नाव निघालं आणि ह्यांचा चेहरा उतरला. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची स्मरणिका हेच जुळवतात, एका पुराण्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमवर. तो फक्त ह्यांच्या लॅपटॉपवर उरलाय. यंदा मंडळाचा अमृतमहोत्सव, अर्धी स्मरणिका झालेली, आणि अध्यक्ष भय्यासाहेब रोज विचारून राहिलेले की किती झालं.

मग ह्यांनी आपलं तपासणी खातं घरातच उघडलं. आल्हादने ती कच्ची सिस्टिम स्वतःच्या लॅपटॉपवर घातली, आणि हे रोज संध्याकाळी मला घेऊन वर. मी बोलायचं, ह्यांनी वाचायचं. हळू बोल. भरभर बोल. पंखा लावून बोल. खाली कुकर लावून ये आणि शिटी होत असताना बोल. शेवटी मी म्हटलं, "काहून छळून राहिले हो म्हाताऱ्या बाईला?" तर ते जसंच्या तसं पडद्यावर उमटलं. हे वाचून इतके खूश झाले की विचारू नका.

पण रविवारी सकाळ झाली की हे गायब. मंडळात काम आहे म्हणायचे. मला पहिल्यांदा खरं वाटलं. पुढच्या रविवारीही तेच. मग रश्मीचा फोन आला. म्हणाली, "आई, मैथिली आज स्वतःहून येऊन बसली होती. आबा नाहीत म्हटल्यावर विचारते, आबा माझ्यावर रागावले का?"

माझं डोकंच फिरलं. हे स्कूटर लावून आत येतात न येतात तो मी समोर जाऊन उभी राहिले, ओठ दिसतील अशी. "काहून पळून राहिले तुम्ही पोरीपासून?"

ह्यांनी स्कूटरची किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "क्षमा, सॅम्पल परत येत नाही. एकदा उडवलं की गेलं. ती आता एकदा येईल बोलायला. त्या वेळेला मी परत शाब्बास म्हटलं तर? पक्की सिस्टिम येऊ दे. तोपर्यंत तिला खर्च नाही करायचं."

काय म्हणावं ह्या माणसाला? जीव लावायचा तोही फॅक्टरीच्या नियमाने. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "ती तुमचा दारूगोळा नाही," मी म्हटलं. "ती समजून राहिली की आजोबाला तिचं तोंड बघायचं नाही. दिवाळीपर्यंत हेच समजत राहील ती."

"आल्हादच्या लॅपटॉपवर बोलतो मग," हे म्हणाले. पण आल्हादला बँकेने ट्रेनिंगसाठी भोपाळला पाठवलं होतं, लॅपटॉपसकट.

दुसऱ्या दिवशी हे भय्यासाहेबांकडे गेले. स्मरणिकेचं काय होईल सांगता येत नाही, असं तोंडावर सांगितलं. भय्यासाहेब चांगलेच तापले, ऐन वेळेला हे काय म्हणून. हे ऐकून आले. जी पानं झाली होती ती छापून घेतली आणि गोहलपूरच्या एका प्रेसवाल्याला नव्याने टाइप करायला देऊन आले. फोटो पेनड्राइव्हवर उतरवले. मग आल्हादला मेसेजवर विचारत विचारत ती कच्ची सिस्टिम स्वतःच्या हाताने घातली. जन्मात पहिल्यांदा, शिक्का नसलेला माल. जुना प्रोग्रॅम उघडून बघितला, नाही उघडला. "फेल," एवढंच म्हणाले.

रविवारी मैथिली आली, पण आईच्या मागे अर्धी लपून. खाली पहिली ओळ उमटली, "आई, तूच बोल ना, आबांना कुठे ऐकू येतंय."

"वाचता येतंय," हे म्हणाले. "खाली लिहून येऊन राहिलं. बोल."

पोरगी पुढे सरकली. ह्यांनी घसा खाकरला. "सुपारीचं मला कळलंच नव्हतं बेटा. भलतंच बोललो. चुकलं माझं."

ती एकदम बोलतच सुटली. सुपारी कशी सापडली, बाबांनी तिला कशात गुंडाळलं, सोसायटीमागच्या झाडाखाली कुठे ठेवलं. अक्षरं मागून येत होती, काही चुकीचीही. हे बोट लावून ओळ वाचायचे, मगच बोलायचे. तिलाही ते कळलं, ती थांबून थांबून सांगायला लागली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि ते मला किती जड जातं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि पडदा काळा झाला. काहीच नाही, बोटं आपटून बघितली तरी नाही. ह्यांचे हात मांडीवर पडले. "गेलं," म्हणाले. "तिला वाटेल मीच उठून गेलो."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. मैथिली होती. "आजी, आबांचं बंद पडलं ना? त्यांना सांग, घाई नको. मी इथेच बसलेय, सुरू होईपर्यंत थांबते."

मी ह्यांच्या समोर वाकले आणि ओठ नीट दिसतील असं सांगितलं. पहिल्या वेळेलाच कळलं होतं त्यांना, डोळ्यांवरून दिसलं मला. तरी म्हणाले, "काय म्हणाली? परत सांग."

मी परत सांगितलं.