चंद्रावर रुसलेले दाजी

चंद्राकडे बघून ज्याला आयुष्यात एकदाही बरं वाटलं नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा. गुलाब, शेवंती, दसऱ्याच्या बेताने झेंडू. नव्वदीच्या सुरुवातीला नोकरीसाठी मी नाशिकला आलो आणि अक्काकडेच राहिलो. असल्या सुगंधी धंद्यातला माणूस इतका निराश कसा राहू शकतो, हे कोडं मला तेव्हा पडलं ते आजतागायत सुटलेलं नाही.

इतर लोक काहीतरी बिघडल्यावर निराश होतात. दाजी आधीच होऊन बसत, आणि त्यांना त्यासाठी चंद्र पुरे होता. पौर्णिमेला सूर्य बुडता बुडता टेकडीमागून चंद्र वर आला की आम्ही अंगणात जाऊन बघत राहायचो. दाजी म्हणायचे, "बघून घ्या. उद्यापासून झिजायला लागंल." एका कोजागरीला आटीव दुधाचा पेला हातात धरून ते हे इतक्या सुतकी चेहऱ्याने म्हणाले की शेजारच्या काकूंनी आपला पेला तसाच खाली ठेवला. पुढे चंद्र रोज उशिरा उगवू लागला की ते वाया गेलेल्या पोरावर चिडावं तसे त्याच्यावर चिडत. वद्य अष्टमीनंतर तर तो मध्यरात्र उलटल्यावर यायचा, आणि दाजींच्या मते ही सभ्य माणसाची घरी यायची वेळच नव्हे. अमावास्येच्या आधी पहाटे फुलं तोडताना पूर्वेला बारीक कोर दिसे, तेव्हा ते सुस्कारा टाकून विचारीत, आता राहिलं काय त्याच्यात? आणि अमावास्येला घरात नवं काही करायचं नाही, जुनं दुरुस्त करायचं नाही, शक्यतो हसायचंही नाही.

बरं, शुद्ध पक्षात तरी माणसाने उमेद धरावी, तर त्याचंही नाव नको. बीजेला मावळतीकडे कोर दिसली की आमच्याकडे अंगावरच्या कपड्यातला एक दोरा, म्हणजे दशी, काढून चंद्राला वाहतात आणि म्हणतात, जुनं घे, नवं दे. दाजी रीत मोडत नसत, पण दशी वाहून झाली की पुटपुटत, "नवं काय देतोय, सदरा तेवढा विरला." अष्टमीचा चंद्र भर दुपारी उगवतो, ही त्यांना शुद्ध उधळपट्टी वाटे. मग तो रोज उशिरा मावळू लागला, भरू लागला, की यांचा जीव आणखीच खालावत जाई, कारण भरलेलं रितं होणार हे त्यांना आधीच दिसत असे. महिन्याचे दोन्ही पंधरवडे त्यांनी असे दुःखाला वाटून दिले होते.

अक्का मात्र संकष्टी करायची, आणि कडक करायची. चंद्र दिसला की अर्घ्य, मगच जेवण. कॅलेंडरात छापलेली चंद्रोदयाची वेळ दाजींना मान्य नव्हती. कॅलेंडरवाल्याच्या दारात टेकडी हाय का, असा त्यांचा सवाल असे. गच्चीवर उभे राहून ते जाहीर करीत, "आज काय उगवत नाय." अक्का तांब्या धरून हसत म्हणे, "उगवतो हो. रोज उगवतो." दाजी लगेच विचारीत, "अवसेला?" एवढं भांडण झाल्याशिवाय त्या घरातली संकष्टी कधी सुटली नाही.

पुढे अक्काला शुगर निघाली. उपाशी राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तिने मान डोलावली आणि उपास चालू ठेवला. दोन हजार सालानंतर शहर सरकत मळ्यापर्यंत आलं, पूर्वेला एक इमारत उठली आणि तिच्या पाण्याच्या टाकीवर कोणीतरी पिवळा दिवा टांगला. थंडीतली एक संकष्टी होती, धुकं होतं, मीही गच्चीवर होतो. दाजींनी अजून तोंड उघडलं नव्हतं तोच अक्का म्हणाली, "आज लवकर उगवला की," आणि तिने त्या दिव्याकडे तोंड करून तांब्यातलं पाणी सोडलं. आता दाजी काय बोलतात म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग अक्काच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हां. उगवला. चल, जेवून घे." माझं हसू जागच्या जागी विरलं.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगरने पडदा खराब झालाय, आता उशीर झाला. वर्षा-दोन वर्षांत अक्काला पार दिसेनासं झालं. ज्या वाइटाची दाजींनी जन्मभर वाट पाहिली ते शेवटी आलं, तर 'मी म्हणत नव्हतो?' एवढंही त्यांना म्हणता आलं नाही. त्यानंतरच्या बीजेला ते धोतराची दशी ओढू लागले ते ओढतच राहिले. मला तिकडे बघवेना.

संकष्टी अक्काने तरीही सोडली नाही. मग दाजी दिवेलागणीलाच तिला हाताला धरून गच्चीवर नेऊ लागले. पूर्वेला काळोखाशिवाय काही नसताना सांगायचे, "लय झाक उगवलाय आज. डाग बी दिसतोय." जन्मात केली नव्हती एवढी चंद्राची स्तुती ते खोटी खोटी करत. तिला जेवायला बसवून, मी मागून बसतो म्हणत आणि पुन्हा वर जात. टाकीमागून खरा चंद्र निघेपर्यंत उभे राहत, तिच्या नावाने पाणी सोडत, आणि मगच खाली येऊन ताट घेत.

एव्हाना मी वेगळा राहत होतो; एकदा असाच संकष्टीला त्यांच्याकडे गेलो होतो. अक्काचं जेवण उरकत आलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कसा काय होता आज चंद्र?

"अजून कुठं उगवलाय," अक्का म्हणाली. "त्यांच्या ताटाचा आवाज आला, की उगवला असं समजायचं."

मग तू आधी जेवतेस कशी, असं मी विचारलं.

"मी नाही जेवले तर त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही रे."

वरून दाजींचा आवाज आला. गच्चीवर एकटेच उभे राहून ते कोणाला तरी सांगत होते, "आज काय उगवत नाय."

"उगवतो हो," अक्का म्हणाली, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू जाऊ नये.