शाळेला दिलेला पिवळा रंग

आमच्या शेजाऱ्यांनी दिघ्यातल्या जुन्या शाळेला चार पंखे दिले, तेव्हा सव्वीस जानेवारीला शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी तिथे एकाच वर्गात होत्या. टाळ्या वाजवताना माझा जळफळाट होत होता.

मी पावणे एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. यंत्रांना लावायचा पिवळा रंग गोदामात पडून होता. त्यात शिसं असतं, तो घरात लावत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी मालकांना विचारून मी डबे शाळेत पोचवले आणि वर्ग रंगवून घेतले. पुढच्या वर्षी शाल माझ्या खांद्यावर आली. शेजारी हसत म्हणाले, "काय साहेब, आमचे पंखे पार फिके पाडलेत!" मला ते फार गोड लागलं.

दोन पावसाळ्यांत ओलीमुळे भिंतींचे पोपडे सुटले. माझ्या मुलीचं पोट सारखं दुखायला लागलं. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जुना रंग आहे का?" मी नुसतं "नाही" म्हणालो.

शेजाऱ्यांनी तोवर त्यांच्या मुलीला नव्या शाळेत घातलं होतं. ती जिन्यावरून धावत उतरते, तेव्हा मला त्यांचा अजून हेवा वाटतो.

काल मी मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर्ग मी आजच बंद करते. पण पालकांना तुम्हीच सांगायचं."

शनिवारी सभा आहे. देणगीदार म्हणून शेजारीही पहिल्या रांगेत असतील. त्यांच्या पंख्यांनी कुणाचं काही बिघडलेलं नाही.